बंबाले कोणाची जोडी

माह्या नवऱ्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाई. जेवाले बसला का त्याले मान खाली न्या लागते, तवा कुठं घास तोंडात जाते. हा हात बंबापायी मोडला. आगीनं नाई, बंब अंगावर पडून नाई. आगीच्या बंबाले आपले बैल जुंपले म्हणून चार जणानं धरून, बंडीच्या उभारीनं, त्या जाड खुंटानं, मोडला. मले लोक तोंडाळ म्हणते. म्हणू द्या. ज्याच्या घरचा माणूस रोज असा मान वाकवून जेवते, त्यानं गोड बोलून दाखवाव, मंग मी बी शिकीन.

मी कमला. आमचं गाव रोहण्याच्या पलीकडं, नाला ओलांडला का लागते. तवा मी ग्रामपंचायतीत पंच होती. बाईची जागा होती, आमच्या बौद्ध वस्तीतली बाई पायजे होती, अन् मी सही कराले शिकलेली, म्हणून मले नेऊन बसवलं. बसवलं म्हणजे कसं, तं बाकीच्याईले खुर्च्या अन् मले दारापाशी चटई. पहिल्याच मिटिंगीत मी ती चटई गुंडाळून सरपंचाच्या टेबलावर ठेवली अन् उभ्यानं राह्यली. पुढच्या मिटिंगीले खुर्ची आली. एक पाय डुगडुग करे, पण खुर्ची होती.

आता बंबाचं. गावात पहिले कापसाची जिनिंग होती. ती बंद पडली तवा मालक आपला आगीचा बंब गावाले देऊन गेला. लोखंडी गाडा, मधात पाण्याची टाकी, दोन्ही अंगाले लांब दांडे. इकडून तिकडून माणसं लागून दांडे खालवर करत, तं पाण्याची धार माडीच्या कवेलूपर्यंत जाय. पण गाडा मोठा जड. वस्तीकडचा चढ त्यानं माणसाच्या जोरावर कधी चढला नसता. त्याले बैलजोडी लागे, अन् ती जोडी वासुदेवराव पाटलाची. पोळ्यात तोरणाखालून जशी पाटलाची जोडी सगळ्यात पुढं, तसा बंबाले जुंपाचा मान बी त्याईच्याच घरचा. पोळ्याले बंब धुवत, शेंदूर लावत, पाटलाचे पांढरे बैल जुंपून गावातून फिरवत. आग लागली तरी तेच. पहिले पाटलाचे बैल येतीन, मंग बंब हालन. कोणं ठरवलं, कवा ठरवलं, कोणाले मालूम नाई. अन् खरं सांगतो, लय वर्षं आम्हाले बी त्यात काई खटकलं नाई. पाटलाच्या बैलाचा कोठा बंब ठेवाच्या सपरीच्या समोरच होता, बैल काई आगीले उशिरा येत नसत. बैल घरी नसले तं काय, हा इचारच कोणाच्या डोक्यात आला नाई. एवढं मोठं गाव, एवढे शिकलेले लोक, अन् कोणाच्याच नाई.

चैतात ती वेळ आली. भर दुपार, वारा असा सुटलेला का अंगणातलं टोपलं उडून जाय. वस्तीच्या कडेले पऱ्हाट्याचे ढीग लावलेले, सगळ्याईच्या चुलीचं वर्षाचं जळण. देवकाबुढीच्या चुलीतून ठिणगी उडाली अन् पहिला ढीग धरला. मी धावत बंबापाशी गेली. अण्णाजी सरपंच सपरीसमोर उभा होता, अन् पाटलाची जोडी तळेगावच्या बाजाराले गेलती. अण्णाजी मले म्हणे, घाबरू नोको कमलाबाई, सायकलीवर माणूस धाडला हाये. तळेगावले सायकलीवर माणूस. माही पोट्टी अन्नपूर्णा घरात पाळण्यात होती अन् हा मले सायकल सांगून राह्यला.

तेवढ्यात माहा नवरा चिंधू वावरातून वखर घेऊन आला. त्याचे दोन बैल, एक लाल, एक बांडा, तसेच जुवाखाली होते. त्यानं कोणाले काई पुसलं नाई. वखर रस्त्यावर सोडला, सपरीची साखळी गोट्यानं तोडली, बंब जुंपला अन् हाकलला. बैलाईनं तो चढ कसा चढला ते त्याईलेच माहीत. वस्ती वाचली. अन्नपूर्णा वाचली. देवकाबुढी नाई वाचली. तिले जळत्या झोपडीतून काढलं तवा तिच्या हातात पाण्याचा गुंड होता, अन् पितळ तिच्या तळहाताले चिकटून बसलं होतं. आम्ही गुंडासकट तिले नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवरावचा पोरगा चंद्रभान वस्तीवर आला. संगं चार गडी. बंब अजून आमच्या विहारासमोरच उभा होता, बैल बाजूले बांधलेले. चिंधू टाकी धुवून राह्यला होता, चिखल गेला का नेऊन ठेवतो म्हणून. चंद्रभाननं इचारलं, "कोणत्या हातानं जुंपला?"

चिंधू टाकी धुतच राह्यला. त्याले वाटलं शिव्या देईन अन् जाईन. त्या चौघानं त्याले पाडला, उजवा हात बंबाच्या दांड्यावर आडवा धरला, अन् चंद्रभाननं उभारी उचलली. पहिल्या फटक्याले हाड वाजलं. दुसरा फटका त्यानं आणखी मारला, मोडल्यावर. मी चंद्रभानच्या दंडाले चावली, असी चावली का माह्या तोंडात त्याचं रगत आलं. त्यानं मले झटकून चाकावर आपटली, समोरचे दोन दात तिथंच पडले. मंग तो बैलाकडं गेला. बांड्याच्या मागच्या पायाची शीर कुऱ्हाडीनं तोडली. बांडा बसला तो पुन्हा उठला नाई. मुकं जनावर, त्याले काय मालूम कोणाचा मान अन् कोणाचा काय. जातान चंद्रभान म्हणे, आता जुंपून दाखव.

पोलिसातला जमादार आला. पाटलाच्या ओसरीत चहा पेला, आमच्याकडं येऊन म्हणे आपसात मिटवून घ्या. हात आर्वीच्या दवाखान्यात बांधला, तो वाकडाच जुळला. मी त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात धरली होती. बंब गावात राहीन, अन् ज्याचे बैल हाताशी असतीन तो जुंपीन, असं पंचायतीच्या कागदावर लिहून घेईन. न्याय मले कोणी देणार नव्हतं. पण पुढच्या आगीत अन्नपूर्णाले कोणाच्या सायकलीची वाट पाहा लागू नये, एवढं तं मले पायजेच होतं.

माघात तसी मिटिंग आली. पंचायत समितीतून मधुकरराव नावाचे साहेब आले. गोरेगोमटे, बोलाले गोड. त्याईनं सांगतलं का आता तालुक्याले मोटरीवाला मोठा बंब येऊन राह्यला, आजूबाजूच्या गावाईनं आपले जुने हातबंब जमा कराव, आग लागली का फोन कराव, मोटर येईन. ग्रामपंचायतीचं मत पायजे होतं. मी इचारलं, साहेब, फोन कुठं हाये? म्हणे रोहण्याले. अन् नाल्याले पूल कुठं हाये? म्हणे मंजूर हाये. म्हणजे पावसाळ्यात मोटर नाल्याच्या त्या बाजूनं आमची आग पाहत उभी राहीन, असं मी म्हनलं. साहेब हासले. हासण्यासारखं मी काई बोलली नव्हती.

पाटील पंच होते. ते म्हणे, बंब जुनाट झाला, देऊन टाका. अण्णाजीनं लगेच मान हालवली. जुनाट कायचा झाला? आग लागाच्या आधीच्या पोळ्यापर्यंत तोच बंब शेंदूर लावून फिरवत होते. पाटलाच्या पोटात काय होतं ते खोलीतल्या समद्याईले माहीत होतं. आमच्या बैलाचं जू त्याले लागलं, आता तो त्याईले नोको होता. पण साहेबासमोर तसं बोलता येत नव्हतं, कायदा होता नं. म्हणून जुनाट. माहा चुलतसासरा नानाजी बाहेर खिडकीत उभा होता, मले हातानं खुणवे का चूप बस. मी चूप बसली असती तं मंग मी कमला कायची.

मी उठली अन् म्हनलं, "बंब जुनाट नाई झाला, पाटील. तुमच्या मनानं बाटला. तो गावातच राहीन, अन् आग लागली का ज्याची जोडी हाताशी असन त्याची जुंपतीन. हे लिहा."

चंद्रभान दारातच होता. तो आत आला, माह्या केसाले धरून त्यानं मले खुर्चीवरून ओढलं. खुर्चीचा तो डुगडुग्या पाय निघून पडला. माहं डोकं भिंतीवर आदळलं, कानात नुसता आवाज. चिंधू बाहेरून आला. त्याचा उजवा तं कामाचा नव्हता, त्यानं डाव्या हातानं खुर्चीचा पाय उचलला अन् चंद्रभानच्या कपाळावर घातला. भुवई फाटली. रगत डोळ्यात उतरलं. साहेब टेबलाखाली गेले, अण्णाजी सोडा सोडा म्हणत आपणच भिंतीले चिकटला. वासुदेवराव मात्र खुर्चीवरून उठले नाई. पोराले आवरलं नाई, आम्हाले वाचवलं नाई, नुसते बसून पाहत राह्यले. चंद्रभान डोळ्यावरचं रगत पुसत बाहेर धावला अन् जवळच्याच आपल्या घराकडं तोंड करून ओरडला का निंघा रे, पेटवा वस्ती.

नत्थू नावाचा त्याचा गडी, त्यानंच मंग पोलिसाले सगळं सांगतलं म्हणून आम्हाले कळलं. चंद्रभाननं सकाळपासून गडी जमवून ठेवले होते. मिटिंगीत काई उलटं झालं का वस्तीवर जायचं. साहेबाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याईले कापसाच्या खोलीत बसवलं होतं. माघ महिना, भाव येईन म्हणून पाटलानं सगळा कापूस घरात भरलेला, खोली छतापर्यंत पांढरी. त्या कापसावर हे लोक उभाऱ्या घेऊन बसले, अन् बसल्या बसल्या बिड्या ओढल्या. कापसाची आग आधी दिसत नाई. ती आत आत चालते. चंद्रभाननं हाक मारली, त्याईनं दार उघडलं, वारा आत शिरला, अन् खोलीनं एकदम पेट घेतला.

गडी खोकत बाहेर पडले. एकाच्या धोतराले लागली होती, तो मातीत लोळे अन् किंचाळे. खोलीले लागूनच बैलाचा कोठा, एकाच छताखाली. मानाची पांढरी जोडी आत बांधलेली. बैल असे हंबरले का माह्या डोक्याचं दुखणं मी विसरली. अन् कोठ्याच्या समोर, रस्त्याच्या या बाजूले, सपरीत बंब उभा.

वस्तीचे लोक मारामारीचं ऐकून आलेच होते. नानाजीची जोडी बंडीले जुंपलेली होती, त्यानं ती सोडून सपरीपर्यंत आणली. पण जू त्यानं हातातच धरलं. चिंधूचा हात त्याच्या समोर होता नं. सगळ्याईनं पाटलाकडं पाह्यलं. मी बी पाह्यलं. मी म्हनलं, "पाटील, जुंपू?"

वासुदेवराव रस्त्यात उभे होते, धोतराचा सोगा हातात. त्याईनं बैलाकडं पाह्यलं, नानाजीच्या हातातल्या जुवाकडं पाह्यलं. चंद्रभान तवाच कोठ्याकडं धावला. आपली जोडी काढतो, म्हणे, बंबाले कोणाले हात लावू देऊ नोका. अन् शिरला आत.

पाटील म्हणे, "थांबा. आमची जोडी येऊन राह्यली."

अन् गाव थांबलं. काऊन थांबलं ते मले आजही कळत नाई. दांड्यावर माणसं उभी, पाईप विहिरीत सोडलेला, जोडी बाजूले, बंब ओढाले बी नव्हता लागत, पण जुंपल्याबिगर दांडा हालवाचा नाई ही रीत, अन् कोणी हालत नाई. गावचे लोक पाटलाच्या तोंडाकडं, आमचे लोक चिंधूच्या हाताकडं पाहून राह्यले. कोठ्यातून एक बैल सुटला. त्याच्या पाठीवर जाळ होता. तो गर्दीतून सरळ गेला, अण्णाजीले शिंगावर घेऊन फेकला, अन् चावडीच्या भिंतीले धडकून तिथंच पडला, पाय झाडत. वास असा सुटला का लोक तोंडाले फडके लावून मागं सरले. मी पुन्हा म्हनलं, पाटील, जुंपू? ते म्हणे थांबा. दुसरा बैल हंबरायचा बंद झाला. तरी ते थांबाच म्हणे. त्याईचे ओठ तेवढे हालत, आवाज बी नव्हता राह्यला.

मंग रुख्माबाई आली. पाटलाची बायको, चंद्रभानची माय. ती माजघराकडून लुगडं अर्धं जळलेलं घेऊन निंघाली होती, कपाळावरचे केस गेलेले. तिनं एकदाच सगळं पाह्यलं, बंब, जोडी, जू, नवरा. त्या बाईनं जन्मात कधी ओसरीबाहेर तोंड उघडलं नव्हतं. तिनं वासुदेवरावच्या थोबाडीत मारली, भर गावात, अन् नानाजीच्या बैलाचा कासरा आपल्या हातात घेतला.

"जुंप रे चिंधू," म्हणे. "माहा लेक आत हाये."

चिंधूनं जुंपलं. एका हातानं जू धरलं, दुसऱ्याच्या कोपरानं दाबलं, सोल, जुवाची दोरी, दातानं ओढली. ज्याच्या पोरानं हात मोडला त्याच्याच पोरासाठी. मले राग आला का तेही मी सांगतो. आला. पण मी बी दांड्याले लागली. वस्तीच्या बायका लागल्या, पाण्याची धार कोठ्यावर गेली, एका बाजूची आग बसली. आत जाता आलं तवा छताचा मोठा बल्ला आडवा पडलेला होता. चंद्रभान बल्ल्याखाली. दुसऱ्या बैलाचं दावं त्यानं मुठीत घट्ट गुंडाळून धरलं होतं, अन् बैल त्याच्याच अंगावर पडलेला. मूठ उघडली नाई. दावं कापून त्याले बाहेर काढा लागलं. चिंधूनंच कापलं, डाव्या हातानं.

वैद्य म्हणे, धुरानं नाई मेला, बल्ला पडून मेला, अन् बल्ला उशिरा पडला. उशिरा म्हणजे काय ते समद्याईले समजलं. 

तेरवी झाल्यावर ती अर्धी राह्यलेली मिटिंग पुन्हा भरली. साहेब आले नाई, निरोप आला का मत कळवा. अण्णाजी बरगडी बांधून बसला होता. वासुदेवराव येतीन असं कोणाले वाटलं नव्हतं. आले. डोकं भादरलेलं, गालावर दाढीचे पांढरे खुंट. माह्या खुर्चीले नवा पाय लागलेला होता. मी उठली अन् तेच म्हनलं जे पहिले म्हनलं होतं, बंब गावात राहीन. अण्णाजीनं लगेच मान हालवली. हा माणूस दोन्ही वेळेस तेवढ्याच जोरात मान हालवते. पण दुसरी गोष्ट लिहाले तो तयार होत नव्हता. पेन हातात धरून तो पाटलाकडंच पाहे.

मंग मीच इचारलं. ठरावासाठी इचारलं, अन् खोटं काऊन सांगू, दुखवाले बी इचारलं. "पाटील, आग लागली तं कोणाची जोडी जुंपाची?"

वासुदेवरावनं आपल्या रिकाम्या तळहाताकडं पाह्यलं. कोठा नव्हता, जोडी नव्हती, कासरा धरणारा पोरगा नव्हता. मले वाटलं उठून जातीन.

"ज्याची हाताशी असन, त्याची," म्हणे.

एवढंच. एवढे चार शब्द. हे त्याईनं चैतात अण्णाजीले सांगून ठेवलं असतं तं देवकाबुढी जगली असती, माह्या माणसाचा हात सरळ राह्यला असता, बांडा वखराले चालला असता. बरं, चैतातलं सोडा, कोठ्यासमोर उभं राहून म्हनलं असतं तं त्याईचाच लेक जगला असता. आता म्हणे. आता काय करू मी त्याचं? अण्णाजीनं लिहिलं, सगळ्याईनं सह्या केल्या, मी बी केली. कागदावर पाणी पडलं, ते माह्या डोळ्यातलं होतं, अन् ते कोणासाठी होतं हे मले इचारू नोका, मले बी सांगता येणार नाई.

घरी आली तं चिंधू जेवून राह्यला होता. मी सांगतलं, लिहून घेतलं, पाटलानं बी कबूल केलं. त्यानं मान खाली नेली, घास तोंडात घातला, अन् म्हणे, रुख्माबाई आलती मिटिंगीले का? जुंप तं तिनंच पहिले म्हनलं. मी म्हनलं, नाई आलती.